दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतो

एका प्रश्नात तुम्ही दोन तक्रारी मांडल्या आहेत. बाळ १२ दिवसांचं आहे, तासा-दीड तासाने अंगावर मागतं, म्हणून दूध पुरत नसावं अशी शंका. आणि कापडी लंगोट इतक्या भराभर ओले होतात की धुण्याचा ढीग उपसत नाही. सीझरचे टाके अजून ओढतात. घरच्यांचं म्हणणं, वरचं दूध सुरू कर आणि लंगोटांची हौस सोडून डायपर लाव. दोन्ही रेटायचं की एक सोडायचं, असं तुम्ही विचारता.

नवजात बाळं आणि त्यांच्या आया यांच्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यावरून सांगते: तुमच्या दुसऱ्या तक्रारीतच पहिलीचं बरंचसं उत्तर आहे. पोटात काही गेल्याशिवाय एवढं बाहेर येत नाही. किती मिली दूध गेलं ते आईला दिसत नाही. दिसतो तो लंगोट. निदान पहिला दीड महिना तरी त्याच्याकडे हिशोबाची वही म्हणून बघा.

हिशोब असा. पहिल्या दिवशी बाळ एखाद-दोन वेळा शू करतं, दुसऱ्या दिवशी दोन-तीन वेळा. त्या दिवसांत येतो तो चीक, तोही एका वेळी जेमतेम चमचाभर, त्यामुळे एवढंच अपेक्षित असतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. सीझरनंतर कधी कधी एखादा दिवस उशीर होतो. तिथून शू वाढत जाते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त चांगले जड लंगोट, असा नियम सगळीकडे सांगितला जातो. पण हा ६चा आकडा दोन-तीन तास ठेवलेल्या जाड नॅपीचा आहे. पातळ सुती लंगोट दर शूला बदलत असाल तर तोच आकडा १२ ते १८पर्यंत जातो. तेव्हा पातळ लंगोट सहाच झाले तर समाधान मानू नका, आणि पंधरा झाले म्हणून घाबरूही नका.

संख्येइतकाच रंग बघायचा. नीट पिणाऱ्या बाळाची शू पाण्यासारखी असते, वाळल्यावर कापडावर खूण राहत नाही. पांढरं सुती कापड इथे डायपरपेक्षा सरस ठरतं. डायपरमधला शोषक पदार्थ सगळी ओल पिऊन टाकतो, हाताला वरून कोरडं लागतं आणि दोनदा शू झाली की पाचदा ते कळत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी किंवा नारिंगी पूड दिसली तर ते युरेटचे, म्हणजे शूतल्या क्षाराचे कण असतात, रक्त नसतं. पाचव्या दिवसानंतरही ती दिसत राहिली तर दूध कमी जातंय असं धरा आणि बाळाला त्याच दिवशी दाखवा. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात लंगोटावर रक्ताचा बारीक ठिपका किंवा पांढरट स्राव दिसू शकतो. गरोदरपणात आईकडून मिळालेली संप्रेरकं बाळाच्या शरीरातून उतरताना असं होतं आणि आपोआप थांबतं.

शीचा प्रवासही कापडावर स्वच्छ दिसतो. आधी काळी, चिकट. तिसऱ्या दिवसाच्या आसपास हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. पाच दिवस उलटूनही काळीच असेल तर दूध पुरेसं जात नाहीये. पहिल्या महिन्यात अंगावर पिणारं बाळ दिवसातून तीन-चार वेळा, कधी दर पिण्यागणिक शी करतं. त्याला जुलाब म्हणून औषध द्यायचं नसतं. सहा आठवड्यांनंतर हेच बाळ चार-पाच दिवस शी न करता आनंदात राहतं, तेव्हाही औषध नको. एक रंग मात्र कधीच दुर्लक्षू नका: मातकट पांढरी किंवा फिकट राखाडी शी, आणि सोबत कापडाला पिवळा डाग पाडणारी शू. पित्तनलिका बंद असल्याची ती खूण असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर निकाल चांगले येतात, म्हणून 'बघू पुढच्या आठवड्यात' असं करायचं नाही. डोळ्यांचा पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही टिकला तर शीचा रंग कसाही असो, रक्त तपासून घ्या.

तुम्ही वजनाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. जन्मानंतर बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि १० ते १४ दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. पुढचे तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ पुरेशी. बाळाचं वजन उद्याच करून घ्या. वजन परत आलं असेल, शी पिवळी असेल आणि लंगोट तुम्ही म्हणता तसे ओले होत असतील, तर दूध पुरतंय. वरच्या दुधाचा विषय तिथेच संपतो.

मग बाळ सारखं का मागतं? नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, आणि समान अंतराने पिईलच असं नाही. संध्याकाळी तीन-चार तास जवळजवळ सलग छातीशी आणि मग लांब झोप, असंही चालतं. या संध्याकाळच्या पिण्यालाच घरोघरी 'दूध आटलं' म्हणतात. छाती मऊ पडलेली असते, बाळ कुरकुरतं, बघणाऱ्याची खात्रीच पटते. प्रत्यक्षात बाळ पीत असतानाही दूध बनत राहतं, आणि रिकामी होत जाणारी छाती भरलेल्या छातीपेक्षा वेगाने बनवते. छाती तशीच भरलेली राहिली की निर्मिती मंदावते. बाटलीने एक वेळ भागवली की 'एवढंच लागतं' असा निरोप शरीराला जातो. दोन-तीन आठवड्यांत अशा निरोपांनी दूध खरोखरच कमी होतं आणि मग सगळे म्हणतात, बघ, आम्ही सांगतच होतो. रात्रीचं पाजणंही या दिवसांत टाळू नका. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

वरचं दूध कधीच नको असं मी म्हणत नाही. वजन घसरलं असेल, बाळ पिता पिता गळून झोपत असेल, तर पोट भरणं पहिलं. तेव्हा आधी तुमचंच काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच डॉक्टर सांगतील तितकं वरचं. पाणी मात्र अजिबात नको. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, आणि त्यात पाणी धरलेलं नाही.

सारखं पिऊनही समाधान होत नसेल तर एकदा पकड तपासा. बाळाचं पोट तुमच्या अंगाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. स्तनाग्र त्याच्या नाकासमोर धरा. ते मान किंचित मागे टाकून मोठा आ करतं, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा. तुम्ही बाळाकडे वाकलात तर पाठ जाते आणि पकडही उथळ बसते. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळसर भाग वरून जास्त नि खालून कमी दिसतोय, म्हणजे जमलं. आधी भराभर चोखणं, मग पान्हा सुटला की सावकाश, खोल घोट आणि गिळल्याचा हलका आवाज. सुरुवातीचे काही क्षण ओढ लागते. पुढेही दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून बाळाला सोडवा आणि परत लावा. पिऊन झाल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरकं होऊन बाहेर आलं तर पकड चुकतेय. ती सुधारेपर्यंत चिरांवर कुठलंही मलम लावा, उपयोग नाही.

टाक्यांमुळे मांडीवर घेणं जड जात असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय तुमच्या काखेखालून मागे जातील असं बाजूला धरा. दोन्हींत पोटावर भार येत नाही. झोपून पाजताना तुमचा डोळा लागेल असं वाटलं तर बाळाला उचलून त्याच्या जागेवर ठेवायला दुसरं कुणीतरी जागं असू द्या. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता झोपणं सगळ्यात धोक्याचं.

छाती दगडासारखी झाली तर बाळाला लावण्याआधी हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करा आणि पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवा. गाठ फोडायची म्हणून जोरजोरात चोळू नका. त्याने सूज वाढते. लालसर, दुखरा पट्टा आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही.

आता लंगोट. पाजणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. लंगोट बदलणं, भिजवणं, धुणं, वाळत घालणं, घड्या करणं ही कामं घरातल्या कुठल्याही धडधाकट माणसाला येतात, बाळाच्या बाबांना तर नक्कीच. सीझरनंतर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असा सल्ला असतो, आणि पाण्याने भरलेली बादली बाळाच्या दुप्पट-तिप्पट असते. उकिडवं बसून पिळणं तर टाक्यांना आणि ओटीपोटाच्या स्नायूंना दोघांनाही वाईट. तेव्हा 'मी कशी जमवू' असं विचारताय ते 'आम्ही कामं कशी वाटून घेऊ' असं घरात विचारा. वाटून घेणारं कुणीच नसेल तर धुण्याला मोबदला देऊन माणूस लावा, नाहीतर दिवसा डायपर आणि जमेल तेव्हा लंगोट करा. लंगोटांपायी आईची झोप गेली आणि त्यापायी पाजणं सुटलं, तर त्या सौद्यात बाळाचं नुकसान जास्त आहे.

बदलायचं कधी, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. दूध पोटात गेलं की आतडी हलतात, त्यामुळे कित्येक बाळं पिता पिताच शी करतात. पाजण्याआधी बदलला तर दहा मिनिटांत पुन्हा बदलावा लागतो. म्हणून एक बाजू पिऊन झाली की बदला. उघडं पडल्याने झोपाळू बाळ जागं होतं आणि दुसरी बाजू नीट पितं. तुमचं बाळ वारंवार गुळण्या काढणारं असेल तर मात्र आधीच बदला, कारण भरल्या पोटी पाय वर उचलले की दूध वर येतं. आणि लंगोट बदलून छातीकडे हात नेण्याआधी साबणाने हात धुवा. घाईत हीच पायरी गळते. मधला लंगोट दुसऱ्याने बदलावा असं मी म्हणते, त्याचं हेही एक कारण आहे.

किती लंगोट हवेत? साधे चौकोनी सुती असतील तर रोज धुण्याच्या हिशोबाने ३० ते ४०. पॅड आणि वर जलरोधक कव्हर अशी जोडी असेल तर २० ते २४ पॅड आणि पाच-सहा कव्हरं. कव्हर दरवेळी धुवावं लागत नाही, शी लागली तरच. नवं सुती कापड सुरुवातीला पाणी धरत नाही, तीन-चार धुण्यांनंतर शोषायला लागतं. लंगोट गळतोय म्हणून आणखी खरेदी करण्याआधी हे बघा. बांधताना पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा, म्हणजे नाळेचा तुकडा कोरडा राहून लवकर गळेल. गाठ आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत. पाय बेडकासारखे बाहेर वळलेले राहू द्या. सरळ ताणून गुंडाळलेले पाय खुब्याच्या सांध्याला चांगले नाहीत. जुन्या कापडाच्या सुटलेल्या दोऱ्या कापून टाका. बोटाभोवती दोरा किंवा आईचा गळलेला केस आवळला जाऊन बोट सुजल्याची उदाहरणं आहेत. बाळ कारण नसताना कळवळून रडत असेल तर पायाची बोटं एकदा मोजून बघावीत.

जपून ठेवलेले जुने लंगोट-दुपटी काढत असाल तर एक गंभीर गोष्ट. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात बाळाला थेट घालू नका. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या अंगात त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन गेलं, अगदी कपड्याच्या वासातून, तरी पेशी फुटतात आणि मेंदूला इजा करण्याइतकी कावीळ चढू शकते. नुसतं एकदा ऊन दाखवणं पुरत नाही. पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय ते कपडे वापरू नयेत. वास राहिलाच तर ते कापड बाळासाठी नकोच.

धुण्याचं शास्त्र छोटं आहे. शीचा लंगोट आधी गार पाण्यात खळबळा, कारण गरम पाण्याने शीतली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. मग साध्या पावडरीने ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवा, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत विसळा. कपडे मऊ करणारी द्रव्यं टाळा. त्यांचा थर बसला की कापड शोषेनासं होतं. जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय पुष्कळांना असते, पण नीट विसळलं गेलं नाही तर तेच कातडीला चावतं. धुऊनही अमोनियाचा उग्र वास राहत असेल तर पावडर कमी पडतेय किंवा मशीनमध्ये कपडे कोंबले जाताहेत. ऊन नसलेल्या दिवशी पूर्ण वाळवून इस्त्री फिरवा. दमट लंगोट घडी करून ठेवायचा नाही.

पिवळे डाग निघत नाहीत म्हणून घासत बसू नका. ओला लंगोट उन्हात टाका, दोन-तीन तासांत डाग फिका पडतो. नवजात बाळाच्या शीचा पिवळेपणा बऱ्याच अंशी बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत कातडी पिवळी करणाऱ्या रंगद्रव्याचा असतो आणि ते प्रकाशाने मोडतं. १९५६मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांनी पाहिलं की उन्हात ठेवलेल्या बाळाची जी कातडी झाकलेली होती तेवढीच पिवळी राहिली. काविळीवरच्या प्रकाशोपचाराची सुरुवात तिथून झाली. एका परिचारिकेच्या नजरेचं हे श्रेय मला सांगायला आवडतं. म्हणून काविळीच्या बाळाला उन्हात ठेवून डॉक्टर टाळायचे, असा अर्थ मात्र काढू नका.

कुल्ले लाल झाले तर पहिला उपाय म्हणजे हवा: दिवसातून काही वेळा लंगोटाशिवाय, खाली जाड दुपटं टाकून ठेवा. साध्या पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचा थर द्या आणि मलम कापडात शिरू नये म्हणून आत पातळ फडकं घाला. टाल्कम पावडर नको. ती श्वासातून फुप्फुसांत जाते. जांघेच्या घडीत भडक लाल चट्टा आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी आहे. मग बाळाचं तोंडही बघा. जिभेवर, गालांच्या आत न पुसता येणारे पांढरे डाग आणि तुमच्या स्तनाग्राला पाजल्यावर जळजळ, असं एकत्र असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी व्हावे लागतात, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं.

रात्री डायपर लावा, बेलाशक. बाळाचं वजन पूर्ववत झालं आणि दिवसाचे लंगोट भरपूर ओले असले की रात्रीची मोजणी राहिली तरी बिघडत नाही. पर्यावरणाचं ओझं मनावर असेल तर तेही हलकं करते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८मध्ये केलेल्या अभ्यासात कापडी लंगोटाचा फायदा धुण्याच्या पद्धतीवर ठरतो असं दिसलं. मशीन भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि पुढच्या बाळालाही वापरले तर तो ठळक. कमी कपड्यांसाठी मशीन लावून यंत्रातच वाळवले तर फारसा नाही. रात्रीच्या एका डायपरने तुम्ही गुन्हेगार होत नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'संध्याकाळ झाली की उगाच रडू येतं.' बाळंतपणानंतरचं हे हळवेपण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचे १२ दिवस झालेत. आणखी आठवडाभरात कमी झालं नाही, बाळ झोपलं असतानाही झोप लागत नसेल, किंवा कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर मात्र आठवडा नको, त्याच क्षणी घरात सांगा आणि दवाखाना गाठा.

उद्या वजनाला जाताना लंगोट काढून, उघड्या अंगानेच काट्यावर ठेवा आणि पुढच्या वेळीही त्याच काट्यावर. भिजलेला जाड लंगोट शंभर ग्रॅमच्या वर सहज भरतो, आणि चार-पाच दिवसांची वाढ तेवढीच असते. शिवाय जाण्याआधीच्या २४ तासांतले ओले लंगोट आणि शी कागदावर रेघा मारून नोंदवा. तो कागद डॉक्टरांना आधी दाखवा, वरच्या दुधाचा विषय मग काढा.